धाप लागलीय, पण मीटर ९८ दाखवतोय! (दहावीचं शरीरशास्त्र, मदत हवी)

दुपारची_झोप

मंडळी, घरात दोन दिवस एकाच प्रश्नावर खल चाललाय आणि माझी पार दांडी गुल झाली आहे. मी कॉमर्सवाली. जीवशास्त्राशी शेवटचा संबंध दहावीत आला, तोही आकृत्यांना नावं देण्यापुरता.

झालं असं. लेक यंदा दहावीला आहे, मराठी माध्यम, स्टेट बोर्ड. परवा आमची लिफ्ट बंद होती आणि ती दळणाचा डबा घेऊन चार मजले चढून आली. डबा टेकवला आणि सोफ्यावर पसरली, नुसती धापा टाकत होती. मी रिमोटसाठी खणात पेन्सिल सेल शोधत होते, तर हाताला २०२१ सालचा ऑक्सिमीटर लागला. गंमत म्हणून तिच्या बोटाला लावला. नाडी १४६. ऑक्सिजन ९८!

मला वाटलं मीटर बिघडला. माझ्या बोटाला लावला, ९७. ह्यांच्या बोटाला लावला, ९८. म्हणजे मीटर ठीक आहे. आता लेक विचारते, "आई, ऑक्सिजन कमी पडला म्हणून धाप लागते म्हणतेस ना? मग कमी कुठे पडलाय?"

तिने पुस्तकाची पानं उलटीपालटी केली. ग्लुकोजचं विघटन आहे, क्रेब चक्र आहे, ३८ एटीपी (पेशीतल्या ऊर्जेची नाणी म्हणे) आहेत. पण धाप का लागते ते काही सापडेना. तिला ३८ पाठ आहेत आणि धापेचं उत्तर नाही, हे मलाही जरा खटकलंच. कोणी सोप्या भाषेत सांगेल का?

रिकामटेकडा

रिक्षाचा मीटर असेल. तो नेहमी जास्तच दाखवतो.

(लेकीला शाबासकी. आमच्या वेळी असा प्रश्न विचारला असता तर डस्टर फेकून मारला असता.)

डस्टर

मी फेकत नसे. :)

एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता निवृत्त. ताई, तुमच्या लेकीने बरोबर जागी बोट ठेवलंय, आणि ते बोटही मीटरमध्ये घालून ठेवलंय. हा प्रश्न मला एकतीस वर्षांत दोनच मुलांनी विचारला.

आधी शब्दांचा गुंता सोडवू, कारण मुलं तिथेच अडकतात. हवा आत घेणं आणि बाहेर सोडणं हा श्वासोच्छ्वास. त्यात श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, खाली जातं, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीचा पिंजरा मोठा होतो आणि हवा आत येते. फुप्फुसाला स्वतःचे स्नायू नाहीत, ते नुसतं ओढलं जातं. हे झालं शरीरस्तरावरचं काम. पेशीस्तरावरचं श्वसन वेगळं. ते पेशीच्या आतल्या तंतुकणिकेत (मायटोकाँड्रियात) चालतं, तिथे अन्नातून ऊर्जा मोकळी होते, ऑक्सिजन खर्ची पडतो आणि कार्बन डायऑक्साइड उरतो. मांडीच्या स्नायूतली पेशी श्वसन करते, पण ती श्वास घेत नाही. हे वाक्य मी फळ्यावर लिहून तासभर पुसू देत नसे.

आता धाप. माणसाला श्वास घ्यायला लावतो तो मुख्यतः साठलेला कार्बन डायऑक्साइड, कमी पडलेला ऑक्सिजन नव्हे. तो रक्तातल्या पाण्यात विरघळला की कार्बनिक आम्ल तयार होतं. गोटी सोडा जिभेला चुरचुरतो ना, तेच आम्ल. मेंदूच्या तळाच्या भागाला मस्तिष्कपुच्छ म्हणतात, त्याजवळच्या पेशींना ही आम्लता ताबडतोब कळते आणि तिथून श्वासपटलाला हुकूम सुटतो, की हाला जोरात. चार मजले चढताना मांड्यांनी भरपूर कार्बन डायऑक्साइड केला, तो वाढला, म्हणून धाप लागली. ऑक्सिजन ९८ होता तो ९८च राहिला.

खात्री करायची असेल तर लेकीला बसवून श्वास रोखायला सांगा. पाण्यात नाही, खुर्चीत. एकदा भरपूर हवा घेऊन, आणि थोड्या वेळाने एकदा हवा सोडून देऊन. सेकंद मोजा. ज्या क्षणी "आता नाही राहवत" होईल, त्या क्षणी मीटर बघा.

दुपारची_झोप

सर, लगेच केलं! हवा भरून घेऊन ५२ सेकंद. हवा सोडून २६. तोंड लालबुंद, डोळे बाहेर, आणि मीटर ९७! आता घरातले सगळे नाक दाबून बसलेत.

भूलवाला

मी भूलतज्ज्ञ. लोकांचा श्वास थांबवून तो परत चालू करणं हाच पोटापाण्याचा धंदा, म्हणून राहवलं नाही.

आधी एक बारीक दुरुस्ती. बोटावरचा मीटर थोडा मागे चालतो. फुप्फुसातलं रक्त बोटाच्या टोकाला पोचेपर्यंत आणि यंत्र सरासरी काढेपर्यंत वीस-तीस सेकंद जातात. म्हणून श्वास सोडल्यावरही अर्धा मिनिट बघत राहा, कदाचित ९५-९६ दिसेल. तरीही सरांचा मुद्दा उभाच राहतो. शरीर अगतिक होतं तेव्हा ऑक्सिजनची टाकी बरीच भरलेली असते.

ऑपरेशन टेबलावर हे रोज दिसतं. भूल देण्याआधी आम्ही पेशंटला तीन मिनिटं मास्कने निव्वळ ऑक्सिजन देतो. नेहमीचा श्वास सोडल्यावरही फुप्फुसात सव्वादोन-अडीच लिटर हवा उरते आणि तिच्यात बहुतांश नायट्रोजन असतो. तो धुऊन काढून त्या जागी ऑक्सिजन भरायचा. पडून राहिलेला माणूस मिनिटाला साधारण २५० मिली ऑक्सिजन वापरतो. दहावीच्या मुलीने भागाकार करावा, नऊ-दहा मिनिटं येतात. म्हणजे औषधाने श्वास पूर्ण थांबला तरी धडधाकट माणसाचा मीटर सात-आठ मिनिटं वर राहू शकतो. नुसत्या हवेवर असता तर एक-दोन मिनिटांतच घसरला असता. पण त्या आठ मिनिटांत दुसऱ्या पडद्यावर कार्बन डायऑक्साइड चढत असतो, मिनिटाला पाऱ्याचे तीन-चार मिलिमीटर. नेहमीचा आकडा ३५ ते ४५. ही दोन वेगळी खाती आहेत. एकात शिल्लक आहे म्हणून दुसऱ्याचं कर्ज फिटत नाही.

आणि सर, आता रागावू नका. चार मजल्यांची धाप "कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून" हे अर्धंच खरं आहे.

डस्टर

रागावतो कशाला? मांडा.

भूलवाला

मांडतो. लेकीने पहिल्या पायरीवर पाय ठेवला की एक-दोन सेकंदांत श्वास वाढतो. मांडीतलं रक्त एवढ्या वेळात उजव्या हृदयातून फुप्फुसात, तिथून डाव्या हृदयात आणि मग मेंदूत पोचूच शकत नाही. मग मस्तिष्कपुच्छाला कसं कळलं? तर निरोप रक्तातून आलेलाच नसतो. प्रमस्तिष्क, म्हणजे मोठा मेंदू, मांडीला "चल" म्हणतो तेव्हाच श्वासाच्या केंद्रालाही वर्दी देतो. शिवाय हलणाऱ्या स्नायूंतून आणि सांध्यांतून चेतातंतू बातमी पाठवत असतात.

पंगतीतलं उदाहरण घ्या. कसलेला आचारी पानं रिकामी होण्याची वाट बघत नाही. पाट मांडताना दिसले की तो पुऱ्या तळायला घेतो. किती तळायच्या हे मात्र वाढपी येऊन सांगतो. इथे वाढपी म्हणजे कार्बन डायऑक्साइड. त्याच्या निरोपावर श्वासाचा वेग इतका नेमका जुळवला जातो की बेताच्या व्यायामात धमनीतल्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड जवळपास ४०च राहतो, फारसा वाढतच नाही. धाप लागते म्हणून तो वाढत नाही, असं उलटं वाचा.

आणि डबा घेऊन तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर पोचल्यावर? तिथे स्नायू लॅक्टिक आम्ल सोडायला लागतात, रक्ताची आम्लता वाढते आणि श्वास आणखी पेटतो. इतका, की कार्बन डायऑक्साइड चाळिसाच्याही खाली जातो. म्हणजे ती सोफ्यावर पडली तेव्हा तिचा ऑक्सिजन पुरेसा होता आणि कार्बन डायऑक्साइडही बहुधा जास्त नव्हता. जास्त होतं ते आम्ल.

श्वास रोखण्याच्या प्रयोगात मात्र सरांचं उत्तर शंभर नंबरी.

डस्टर

डॉक्टर, दंडवत. पहिल्याच पायरीवर श्वास वाढतो हे मी स्वतः शेकडो वेळा अनुभवलं असेल आणि एकदाही थांबून विचार केला नाही. एकतीस वर्षांतल्या मुलांची माफी कुठे मागू?

चहाबाज

लॅक्टिक आम्लावरून आठवलं. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येतात त्या त्याच्यामुळेच ना?

भूलवाला

नाही. ते तासा-दीड तासात रक्तातून साफ होतं. यकृत आणि हृदय त्याचा इंधन म्हणून फडशा पाडतात. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं. म्हणून गड चढल्यापेक्षा उतरल्यावर जास्त दुखतं.

श्वासावर_विश्वास

इथे सगळे पाश्चात्त्य विज्ञानाचे गोडवे गातायत. रोज पंधरा मिनिटं भस्त्रिका करा, रक्तात भरपूर ऑक्सिजन भरतो, धाप लागणारच नाही. मी स्वतः करतो. डोकं हलकं होतं, ओठांना मुंग्या येतात, ऊर्जा जाणवते.

डस्टर

भस्त्रिका जरूर करा, माझा विरोध नाही. पण हिशेब बघा. एसटीत ४४ सीटं आहेत आणि ४३ भरल्या आहेत. स्टँडवर कितीही गर्दी वाढवली तरी बसलेले ४४च राहणार. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूवर ऑक्सिजनच्या चार जागा असतात आणि आपण नुसते बसलेलो असतानाच ९७-९८ टक्के जागा भरलेल्या असतात. भराभर श्वास घेऊन एखाददुसरा टक्का वाढेल.

भूलवाला

ओठांच्या मुंग्या आणि हलकं डोकं ऑक्सिजन वाढल्याची खूण नाही, कार्बन डायऑक्साइड घटल्याची आहे. तो घटला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं गरगरतं. रक्ताची आम्लता कमी झाल्याने मोकळं कॅल्शियम घटतं आणि चेतातंतू उगाच चाळवतात, त्या मुंग्या. प्राणायामाने मन शांत होतं, श्वासावर ताबा येतो, हे पेशंटमध्ये बघितलंय. फक्त श्रेय चुकीच्या वायूला देऊ नका.

आणि "पाश्चात्त्य" म्हणाल तर स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं तेच मुळी योगक्रिया यंत्रांनी मोजून बघायला. मोजायला आपली परंपरा कधी घाबरली नव्हती.

श्वासावर_विश्वास

मुंग्यांचं माहीत नव्हतं. बरं. पण मी बंद करणार नाही.

विहिरीतला_बेडूक

वरचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या आजोळी उन्हाळ्यात विहिरीत पैज लागायची, तळाची माती मुठीत घेऊन वर यायचं. विहीर चांगली तीन पुरुष खोल. मामेभाऊ उडी मारण्याआधी वीस-पंचवीस भराभर श्वास घ्यायचा. म्हणायचा, हवा भरून घेतो. एका वर्षी तो खाली गेला आणि माती न घेताच संथपणे वर तरंगत आला, पालथा. मामाने कपड्यांनिशी उडी मारून ओढला. पाठीवर थापट्या, बोंबाबोंब, शेवटी त्याने डोळे उघडले. नंतर सगळ्यांनी विचारलं, घुसमटला होतास का? तर म्हणाला, "नाही रे, मस्त वाटत होतं. मग काही आठवत नाही."

हे "मस्त वाटत होतं" मला चाळीस वर्षं छळतंय. बुडणाऱ्याला मस्त कसं वाटेल?

भूलवाला

तुमच्या भावाचं नशीब जोरावर होतं. नेमकं काय झालं ते सांगतो, आणि ज्यांच्या घरी पोहणारी मुलं आहेत त्यांनी हे त्यांना वाचून दाखवाच.

त्या पंचवीस श्वासांनी ऑक्सिजन जेमतेम वाढला, कारण सीटं आधीच भरलेली. पण कार्बन डायऑक्साइड धुपून गेला, चाळिसाचा पंचवीस झाला म्हणा. आता तो पाण्याखाली गेला. एरवी पन्नासच्या आसपास पोचल्यावर "वर चल" अशी घंटा वाजते. इथे पंचविसापासून पन्नासपर्यंत चढायला कितीतरी जास्त वेळ लागणार. त्या वेळात ऑक्सिजन खर्च होतोच आहे. घंटा वाजण्याआधी टाकी रिकामी झाली, मेंदू विझला. घुसमट ऑक्सिजनच्या कमतरतेने होत नाही, म्हणून त्याला घुसमटलंच नाही. वर येताना धोका आणखी वाढतो, कारण पाण्याचा दाब कमी होतो तसा फुप्फुसातल्या उरल्यासुरल्या ऑक्सिजनचा दाबही पडतो.

पट्टीचे पोहणारेही असे गेले आहेत. पाण्यात उतरण्याआधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत, आणि श्वास रोखण्याच्या पैजा पाण्यात लावायच्या नाहीत.

विहिरीतला_बेडूक

चाळीस वर्षांनी उत्तर मिळालं. आत्ता त्याला फोन केला होता. हसला आणि म्हणाला, म्हणजे मी मरताना खूश होतो.

हळद_सांगलीची

विहिरीचा विषय निघाला म्हणून पेवाचं सांगते. आमच्याकडे सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत चंबूसारखी खोदलेली, तोंड अरुंद आणि पोट मोठं, आत हळद भरून वर मातीने लिंपायचं. वर्षानुवर्षं कीड लागत नसे. २००५ च्या महापुरात बरीचशी गेली. आजोबांच्या तोंडून ऐकलेलं, की पेव उघडलं की लगेच कोणी उतरायचं नाही. तोंड काही तास उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूसही विझेल, असं म्हणायचे. कीड का लागत नाही आणि कंदील का विझतो, ह्याचं उत्तर एकच आहे का?

डस्टर

एकच! धान्य काय, हळद काय, तिच्यावरचे सूक्ष्मजीव काय, सगळे श्वसन करतात. बंद पेवात ते ऑक्सिजन संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो हवेपेक्षा जड, तळाला बसतो. कीड तिथे तगत नाही, ज्योत तगत नाही, माणूसही तगत नाही. तुमच्या लेकीला सांगा, दुपारची_झोप ताई, फुप्फुस नसलेली वस्तूही श्वसन करते ह्याचा ह्याहून मोठा पुरावा नाही.

हवेत ऑक्सिजन २१ टक्के. तो सोळा-सतरावर आला की कंदील मंदावतो, विझतो. माणूस त्या हवेत काही काळ तग धरतो. म्हणून कंदील आधी विझायचा आणि आजोबा वाचायचे.

भूलवाला

फक्त एक जोडतो, कारण लोक हे वाचून गटारात कंदील सोडतील. गटारात हायड्रोजन सल्फाइड असतो, मिथेन असतो. मिथेनपाशी ज्योत नेली तर स्फोट, आणि सल्फाइडने माणूस पडतो तेव्हा ऑक्सिजन पुरेसा असू शकतो. कंदील तिथे काहीही सांगत नाही. दर वर्षी टाकीत उतरलेला एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो, ही बातमी आपण वाचतोच. तिथे गॅस मोजायचं यंत्र आणि बाहेरून हवा देणारा मुखवटाच लागतो. खरं तर माणसाने उतरूच नये, पण तो वेगळा धागा होईल.

मुपो_एडिसन

वाचतोय, भारी चाललाय धागा. २०२०-२१ मध्ये कोविडने ऑक्सिजन ८० वर आलेले लोक मोबाइलवर गप्पा मारत होते असं ऐकायचो, तेव्हा थाप वाटायची. हे त्याच माळेतलं?

भूलवाला

थाप नाही, मी स्वतः बघितलेत. मीटरवर ८२ आणि काका मला सांगतायत, "डॉक्टर, चहा मिळेल का?" कार्बन डायऑक्साइड हा ऑक्सिजनपेक्षा कितीतरी सहज फुप्फुसाच्या पडद्यातून पार होतो. फुप्फुसाचा काही भाग निकामी झाला तरी उरलेल्या भागातून तो बाहेर पडत राहतो, म्हणून घंटा वाजत नाही. ऑक्सिजन मात्र उरलेल्या भागातून जादा भरून घेता येत नाही, एसटीची सीटं पुन्हा आलीच.

ऑक्सिजनची घंटा अजिबात नाही असं नाही. मानेतल्या धमनीच्या फाट्यापाशी तांदळाच्या दाण्याएवढे दोन अवयव असतात, ते ऑक्सिजन चाखतात. हेमान्स ह्या बेल्जियन शास्त्रज्ञाला १९३८ चं नोबेल ह्या कामासाठी मिळालं. पण ते जागे होतात फार उशिरा, मीटर साधारण नव्वदीला आल्यावर. आणि त्यांच्यामुळे श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि तो उलटा ब्रेक मारतो.

म्हणून तर तेव्हा घरोघरी मीटर लागले. शरीराला नसलेली घंटा बोटाला बांधली. तो शोधणारे जपानचे ताकुओ आओयागी एप्रिल २०२० मध्येच गेले. सगळ्या जगाच्या बोटाला त्यांचं यंत्र लागलं ते त्यानंतर.

चहाबाज

मे महिन्यात लेहला चाललोय. नव्वदीचं ऐकून आता तिकीट रद्द करू का?

भूलवाला

रद्द कशाला? लेह ३५०० मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच, पण प्रत्येक श्वासात रेणू कमी. मीटर नव्वदीच्या आसपास खेळेल. तुम्ही जास्त श्वास घ्याल, कार्बन डायऑक्साइड उतरेल, रक्त अल्कधर्मी होईल आणि मेंदू म्हणेल, बास कर. रात्री झोपेत ही ओढाताण दिसते. श्वास जोरात, मग काही सेकंद बंद, मग पुन्हा जोरात. शेजारी झोपलेली बायको घाबरते. दोन-चार दिवसांत मूत्रपिंडं रक्तातलं जादा बायकार्बोनेट (रक्त अल्कधर्मी करणारा क्षार) लघवीतून काढून टाकतात, ब्रेक सुटतो. म्हणून पहिले दोन दिवस लोळायचं, पळापळ नाही. गोळी घ्यायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, इथे नाही.

रिकामटेकडा

बायको शेजारी घाबरते हे आमच्याकडे समुद्रसपाटीलाही होतं. घोरणं म्हणतात त्याला.

अवांतर: उचकी?

डस्टर

श्वासपटलाला अचानक पेटका येतो, हवा आत खेचली जाते आणि वाटेतच कंठद्वार फटकन मिटतं, तो "हिक्" आवाज. श्वास रोखल्यावर कधीकधी थांबते, कारण कार्बन डायऑक्साइड वाढला की पेटका शमतो. कोणी आठवण काढली होती का, हे ह्या धाग्याच्या कक्षेबाहेर.

ह्या सगळ्याचा पाया कोणी घातला तेही लिहितो. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन. खाणीत माणसं कशाने मरतात हे शोधणारा माणूस. स्वतःला हवाबंद पेटीत कोंडून घ्यायचा आणि काय काय होतं ते टिपून ठेवायचा. १९०५ मध्ये त्याने आणि त्याचा सहकारी प्रिस्टलीने फुप्फुसातल्या वायुकोशांतली हवा तपासली, स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस डोंगराच्या माथ्यावर आणि इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणीच्या तळाशीही. कार्बन डायऑक्साइडचा दाब जवळजवळ तोच! ऑक्सिजन वरखाली झाला तरी शरीर हा दाब राखतं. खाणीत पिंजऱ्यातला पक्षी न्यायची कल्पनाही त्याचीच. आमच्या पिढीला त्याचा मुलगा जास्त माहीत, जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. तो १९५७ मध्ये भारतात आला, इथलाच झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.

दुपारची_झोप

सर, डॉक्टर, सगळ्यांचे आभार. लेक रोज संध्याकाळी विचारते, "धाग्यावर काय आलं?" आता तिचा प्रश्न असा, की पेपरात काय लिहू? आणि ३८ एटीपी खरे आहेत का? क्लासमधला कोणी म्हणाला म्हणे, की ते चूक आहे.

डस्टर

पेपरात ३८ लिही बाळा. तो आकडा पुस्तकातला आहे आणि तपासणारे मास्तरही तोच शोधतात. प्रत्यक्षात काही ऊर्जा तंतुकणिकेच्या पडद्यातून मालाची ने-आण करण्यात जाते आणि पडदाही थोडा गळका असतो, त्यामुळे आता तीस ते बत्तीस मानतात. अकरावी-बारावीला भेटेल.

आणि एक प्रयोग करशील? पानाला लावायचा चुना चिमूटभर घे, ग्लासभर पाण्यात ढवळ, रात्रभर ठेव. सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओतून घे, ती चुन्याची निवळी. दोन छोट्या वाट्यांत सारखी घे. एकीत बसल्या बसल्या स्ट्रॉने फुंक आणि किती सेकंदांत दुधाळ होते मोज. मग चार मजले चढून ये आणि दुसरीत फुंक. फुंकायचंच, ओढायचं नाही, चुना तोंड भाजतो. डोळ्याला चष्मा लाव. आत घेतलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के आणि सोडलेल्या हवेत सुमारे ४ टक्के, म्हणजे शंभरपट. ऑक्सिजन मात्र एकवीसचा सोळाच होतो. म्हणून तर तोंडाने दिलेला श्वासही माणसाला वाचवतो.

भूलवाला

आमच्या भुलीच्या यंत्रातही चुन्याचाच डबा असतो, सर! सोडा लाइमचे पांढरे दाणे. पेशंटने सोडलेली हवा त्यातून फिरवून कार्बन डायऑक्साइड काढून घेतो आणि तीच हवा परत देतो. दाणे जांभळे झाले की बदलायचे. पानवाला आणि मी एकाच मालावर जगतो.

दुपारची_झोप

रविवारी प्रयोग झाला. बसून फुंकल्यावर ४१ सेकंदांत दुधाळ. चार मजले चढून आल्यावर २३. तिने चार वेळा केलं, आकडे थोडे हलले पण चढून आल्यावर प्रत्येक वेळी लवकर. आजोबांचा चुना संपला, ते दुपारभर डबी शोधत होते.

पण सर, एक भलतंच झालं. शेवटच्या वाटीत निवळी थोडीच उरली होती आणि ती हट्टाने फुंकतच राहिली, पाच-सात मिनिटं तरी. दुधाळ झालेलं पाणी हळूहळू परत नितळ व्हायला लागलं! मला वाटलं चुना खाली बसला. तर खालीही काही नाही. काही चुकलं का?

डस्टर

काही चुकलं नाही. उलट मी सांगायचं राहिलं ते तिने स्वतःच शोधलं. आधी झालं कॅल्शियम कार्बोनेट, ते पाण्यात विरघळत नाही म्हणून दुधाळ. आणखी कार्बन डायऑक्साइड गेला की त्याचं बायकार्बोनेट होतं, ते विरघळतं, म्हणून पाणी नितळ. तिच्या मांडीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसापर्यंत जातो तोही बहुतांश ह्याच रूपात. शंभरातले सत्तर भाग रक्तात बायकार्बोनेट होऊन विरघळून येतात, बाकीचे थोडे हिमोग्लोबिनवर आणि थोडे तसेच.

ते नितळ पाणी टाकू नका. छोट्या पातेल्यात मंद आचेवर उकळा आणि बघत बसा. काय होतं ते मी सांगणार नाही, तिनेच इथे लिहावं.